स्प्रिंगचा जुना सागवानी सोफा: सांगाडा, पॉलिश आणि बैठक नीट कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा. कोकणातल्या घरातला १९६० च्या सुमाराचा सागवानी सेट पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणला आहे. तिघांचा सोफा आणि दोन खुर्च्या, खुर्च्यांच्या पाठी वेताच्या. बैठक मधे खचली आहे, सोफ्याचे हात हलतात, पॉलिश काळं पडलं आहे. कारागीर म्हणतो, आतलं सगळं काढून प्लाय ठोकू, वर चार इंची फोम, लाकूड मशीनने घासून मेलामाइनचा (रासायनिक पॉलिशचा) थर, आठवड्यात मोकळे. करावं का?

करू नका. त्या आठवड्यात तुमच्या सेटमधल्या टिकाऊ वस्तू बाहेर जातील आणि कमी टिकणाऱ्या आत येतील. पोलादी स्प्रिंगा पन्नास-साठ वर्षांनीही बहुधा ठणठणीत असतात. सडलेली असते ती त्यांना बांधणारी सुतळी आणि खालची तागाची पट्टी. म्हणजे स्वस्तातला भाग गेला म्हणून महागातला भाग भंगारात घालायचा, असा हा सौदा आहे. शिवाय प्लाय आणि फोमची बैठक मूळ उंचीला येत नाही. हात एकदम उंच किंवा बुटके वाटायला लागतात, आणि कपडा बदलला तरी सोफा बेढब का दिसतोय हे कुणाला कळत नाही.

कामाचा क्रम मात्र पक्का ठेवा: आधी सांगाडा, मग पॉलिश, मग बैठक, शेवटी वेत. पॉलिशचा बोळा नव्या कपड्याला लागला की डाग जात नाही, आणि बैठक बांधल्यावर सांधा हलतोय असं लक्षात आलं तर सगळं पुन्हा उसवावं लागतं.

उलटा करून तपासणी

सोफा उलटा करा, खालचं कापड काढा, विजेरी घेऊन बघा. तागाच्या पट्ट्या लोंबताहेत, स्प्रिंगा आडव्या झाल्या आहेत, सुतळीचे तुकडे लटकताहेत, हे सगळं दुरुस्त होतं. काळजी करायची ती बैठकीच्या चौकटीच्या चार लाकडी पट्ट्यांची, कारण त्यावरच सगळा ताण येतो. बाहेरून दिसणारं लाकूड अस्सल साग असलं तरी आतल्या, कपड्याखाली झाकलेल्या पट्ट्या पुष्कळदा आंब्याच्या किंवा जंगली लाकडाच्या असतात. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. त्याच्या बाहेरच्या पांढरट भागाला आणि या आतल्या पट्ट्यांना लागते. दोन मिलिमीटरच्या आतबाहेरची गोल भोकं आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी असेल तर तो पोखरणारा किडा. मातीच्या नळ्या असतील तर वाळवी. जाड दाभण पट्टीत दाबून बघा. भसकन आत गेला तर ती पट्टी बदलायची. वरवर टोचला तर कीडनाशक भोकांतून सिरिंजने भरून चालतं, पण ते सगळं उघडं असतानाच करायचं.

आणखी एक. कोकणातली दमट हवा आणि पुण्याची कोरडी हवा यांत लाकूड वेगवेगळं फुगतं-आकसतं. तिकडे घट्ट असलेले सांधे इकडे आल्यावर सैल होणं यात नवल नाही. आणल्या आणल्या सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद) लावायला घेऊ नका. उन्हापासून लांब, पंख्याखाली नव्हे, नुसत्या मोकळ्या खोलीत तीन-चार आठवडे राहू द्या. लाकूड या हवेला जुळल्यावर कोणता सांधा खरोखर सैल आहे ते कळेल.

उसवणं

हा भाग उरकून टाकायचा मोह होतो. पण नवं काम कसं करायचं याची सगळी माहिती जुन्या कामातच आहे. प्रत्येक थर काढण्याआधी फोटो घ्या. जुना कपडा फाडू नका, सलग काढा. त्यावर खडूने 'पाठ', 'बैठक', 'डावा हात' असं आणि वरच्या दिशेचा बाण लिहा. तोच तुमचा बेतण्याचा नमुना. स्प्रिंगा किती, कुठे, किती अंतरावर होत्या ते जुन्या तागाच्या पट्टीवरच्या गंजाच्या वर्तुळांवरून मोजून घ्या. बैठकीची मूळ उंचीही टिपून ठेवा.

चुका, म्हणजे कपडा आणि तागाच्या पट्ट्या ठोकायचे बारीक खिळे, काढायला धार गेलेली जुनी पटाशी आणि लाकडी मोगरी वापरा. पटाशी चुकेच्या डोक्याखाली टेकवायची आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच मारायचं. रेषांना आडवं मारलं तर पट्टीची कड ढलपीसकट निघते. कोपऱ्याजवळ आतल्या बाजूला मारत जा, बाहेरच्या नाही. तोंडाला मास्क हवाच. आतल्या काथ्यात धूळ आणि बुरशी दोन्ही भरपूर असतात.

उसवून झाल्यावर लाकडी पट्टी भोकांनी चाळण झालेली दिसेल. तशाच पट्टीत नव्या चुका ठोकल्या तर धरत नाहीत. बांबूच्या टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकांत ठोका, सुकल्यावर कापून सपाट करा. कड फारच तुटली असेल तर ती रंध्याने सरळ करून तितक्या जाडीची सागाची फीत चिकटवा.

सांधे

हात हलतात म्हणजे कुसू, म्हणजे एका लाकडाचं कोरून काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खोबणीत सैल झालं आहे. यावर सर्वांत वाईट इलाज म्हणजे वरून खिळा, आणि त्याखालोखाल लोखंडी एल-पट्टी. दोन्हींनी सांधा काही दिवस गप्प बसतो, मग खिळ्याच्या भोकाजवळून कुसूच तडकतं. सांधा पूर्ण उघडून, साफ करून, पुन्हा चिकटवणं हाच खरा उपाय.

त्या काळातलं काम बहुधा सरसाचं असतं. तपकिरी, काचेसारखे तुकडे पडणारं सुकं चिकट दिसलं आणि गरम पाणी लावल्यावर ते ओशट-चिकट झालं, तर सरस समजा. सिरिंजने सांध्यात गरम पाणी सोडा, दहा मिनिटं थांबा, मग लाकडाचा तुकडा मधे धरून रबरी हातोडीने हळूहळू सुटा करा. त्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहायचा विसरू नका. हाताने केलेल्या कामात डाव्या हाताचं कुसू उजवीकडे नीट बसत नाही.

जुना सरस गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्ण काढा. त्याच्यावर फेविकॉल लावला तर तो लाकडाला नाही, जुन्या सरसाला चिकटतो, आणि वर्षभरात सांधा पुन्हा हलतो. 'चिकटवून घेतलं होतं, तरी सुटलं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. लाकूड दोन दिवस सुकू द्या. सागात अंगचं तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दोन्ही पृष्ठभाग अॅसिटोनने पुसा. कुसू ढिलं असेल तर त्याच्या गालांवर, म्हणजे सपाट बाजूंवर, सागाच्या विनियरचा (पातळ पापुद्र्याचा) तुकडा चिकटवून, सुकल्यावर घासून खोबणीत हाताने दाबून बसेल इतकं करा. हातोडी लागली तर जास्त घट्ट, आपोआप घसरलं तर अजून सैल. मोकळी जागा फेविकॉलने भरून निघत नाही, कारण जाड थराला ताकद नसते.

सरस की फेविकॉल? पुढच्या पिढीला पुन्हा उघडता यावं म्हणून सरस चांगला, पण तो रात्रभर पाण्यात भिजवून, दुहेरी भांड्यात साधारण ६० अंशांवर ठेवावा लागतो. उकळला तर कमजोर होतो, आणि लावल्यावर हातात एक-दोन मिनिटंच मिळतात. पहिल्यांदा करणाऱ्याने फेविकॉल वापरावा. चार सांधे एकदम जोडताना घाई नको.

क्लॅम्प लावल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून सारखे करा. लांब क्लॅम्प नसतील तर सुती दोरीचे दोन वेढे आणि मधे काठी घालून दिलेला पीळ चालतो. दोरीखाली कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर वळ उठतात. चोवीस तास हात लावू नका. आतल्या कोपऱ्यांत तिकोनी गुटके असतील तर तेही काढून पुन्हा चिकटवा आणि स्क्रूने पक्के करा. तुमचे नसतील तर बसवा. हात हलू नयेत यात त्यांचा वाटा मोठा असतो.

पॉलिश

घासण्याआधी जुनं पॉलिश कोणतं ते ओळखा. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं, कापसाला तपकिरी रंग आला, तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं, तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींनी हललं नाही, तर नंतर कुणीतरी मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) मारलेलं आहे.

तुमच्या सेटवर लाखच असण्याची शक्यता मोठी, आणि तसं असेल तर काम निम्मं सोपं. 'काळं पडलंय' यातला बराच काळेपणा पॉलिशचा नसतो. हाताचा तेलकटपणा, धूर आणि थरावर थर चढवलेलं मेण यांचा असतो. आधी कोमट साबणपाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग टर्पेंटाइनने. कापूस मळायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवा. एवढ्याने पुष्कळदा खालचा मधासारखा रंग वर येतो आणि घासायची गरजच राहत नाही. मशीनने घासलं की साठ वर्षांत सागाला आलेला रंग भुशात जातो. कोरीव काम असेल तर त्याच्या कडाही गोल होतात, आणि त्या परत येत नाहीत.

थर भेगाळलेला असेल तर स्पिरिट लावलेल्या बोळ्याने जुनी लाख विरघळवून पुन्हा पसरवता येते. अगदीच गेलेलं असेल तर स्पिरिट आणि स्टील वूलने काढा. मेलामाइन असेल तर पेंट रिमूव्हर लागतो. त्यात मिथिलीन क्लोराइड असेल तर गच्चीवर, हातमोजे घालूनच काम करा. कॉस्टिक सोडा सागाला लावू नका. लाकूड काळवंडतं आणि सांध्यातला सरसही सुटतो.

खिळ्याभोवती किंवा पाणी मुरलेल्या जागी काळेनिळे डाग असतील तर ते लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाचे. घासून जात नाहीत. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड विरघळवून ब्रशने लावा, डागापुरतं नाही तर पूर्ण पट्टीला, नाहीतर तेवढा भाग फिका दिसेल. सुकल्यावर स्वच्छ पाण्याने दोनतीनदा पुसा. ही पूड विषारी आहे. तिचे सुके कण उरले असताना पॉलिश पेपर मारला तर ते नाकातोंडात जातात, म्हणून आधी धुणं, मग घासणं.

उघड्या लाकडाला १२०, १८०, २२० असे पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. सागाची छिद्रं मोठी असतात. आरशासारखं हवं असेल तर चॉक पावडर, थोडा गेरू, थोडी पिवडी (पिवळी माती) आणि पातळ लाख यांची लांबी, म्हणजे छिद्रं भरायचा लगदा, करून रेषांना आडवी चोळून भरा. या बाबतीत आवड ज्याची त्याची, पण जुन्या सागावर छिद्रं थोडी दिसलेली जास्त चांगली वाटतात.

लाखेसाठी एक लिटर स्पिरिटला पहिल्या हाताला १२० ग्रॅम चपडा लाख, पुढच्या हातांना २०० ते २५० ग्रॅम. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात रात्रभर विरघळू द्या, मलमलीतून गाळा. लोखंडी डब्यात ठेवली तर लाख काळी पडते. सहा-आठ महिन्यांपेक्षा जुनं द्रावण वापरू नका. ते सुकतच नाही, बोटाला चिकट लागत राहतं. कापसाचा बोळा जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधा, तळाला सुरकुती नको. बोळा चालता चालता टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. मधे थांबला की खालचा थर विरघळून ठसा उमटतो. अडकायला लागला तर तळाला अळशीच्या तेलाचा एक थेंब, जास्त नाही. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवून मगच फेका.

पावसाळ्यात लाखेचं काम नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर पांढरट पडतो. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. लाखेला गरम कप आणि दारू दोन्ही सोसत नाहीत, म्हणून सेटबरोबर टीपॉय असेल तर त्याच्या वरच्या फळीला पीयू मारण्यात गैर काही नाही. सोफ्याच्या हातांना लाखेवर मेण पुरतं: मधमाशांचं मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करायचं, थेट आचेवर कधीच नाही.

बैठक: खालून वर

खरं कौशल्य इथे लागतं आणि कारागीर टाळतात तेही हेच. वेळखाऊ आहे, आणि कपड्याखाली गेल्यावर दिसत नाही.

सर्वांत खाली दोन इंची तागाची पट्टी, जी दुकानात ज्यूट बेल्ट म्हणून मिळते. स्प्रिंगच्या बैठकीत ती चौकटीच्या खालच्या बाजूला ठोकतात. दोन पट्ट्यांत एक इंचापेक्षा जास्त फट नको, आणि आडव्या पट्ट्या उभ्यांमधून एकाखालून-एकावरून विणून घ्यायच्या. टोक दीड इंच दुमडून पाच चुका, त्याही एका ओळीत नाही तर मागेपुढे, म्हणजे लाकूड चिरत नाही. पट्टी आधी कापून घेऊ नका. गुंडाळीतूनच ताणणीने ताणायची, दुसऱ्या टोकाला तीन चुका ठोकायच्या, मग कापून दुमडून आणखी दोन. हातोडीने टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा टणक आवाज आला पाहिजे. इलॅस्टिकची पट्टी इथे चालत नाही. स्प्रिंगला खालून स्थिर आधार लागतो.

स्प्रिंगा तारेच्या ब्रशने साफ करा, गंज असेल तर रेड ऑक्साइडचा पातळ हात द्या. तेल लावू नका, ते वर कपड्यात झिरपतं. सगळ्या एका ओळीत उभ्या करून उंची बघा. एखादी बुटकी किंवा वाकलेली असेल तर तेवढीच बदला. जुन्या बाजारात, म्हणजे मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला किंवा पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मोडक्या सोफ्यांतून त्या उंचीची स्प्रिंग सापडू शकते. नवीन घेतलीत तर तारेची जाडी जुनीशी जुळवा, नाहीतर बसताना एकच जागा टणक लागते.

बावीस-चोवीस इंची खुर्चीत तीन ओळींत नऊ स्प्रिंगा हे नेहमीचं प्रमाण. तिघांच्या सोफ्याला जुन्या खुणांप्रमाणे. प्रत्येक स्प्रिंग तागाच्या पट्टीला वाकड्या सुईने तीन जागी शिवा. वरच्या वेढ्याचं तारेचं टोक मधे तोंड करून ठेवा. बाहेर राहिलं तर एक दिवस कपड्यातून वर येतं.

मग बांधणी. जाड, पिळाची तागाची दोरी घ्या, किंवा पॉलिएस्टरची. नायलॉन नको, ते ताणतं आणि गाठीत सरकतं. दोरी बैठकीच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट लागते. आधी मागून पुढे, मधल्या ओळीपासून. मागच्या पट्टीवर चुकेला अडकवून सुरू करा, प्रत्येक स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यावर दोन्ही कडांना खुंटगाठ (दोन वेढ्यांची, स्वतःवरच आवळणारी गाठ) मारत पुढच्या पट्टीपर्यंत या. नुसती दोरी गुंडाळत नेली तर पुढे ती एका जागी तुटल्यावर सगळी ओळ सुटते. खुंटगाठ असेल तर तेवढीच जागा ढिली पडते. मग डावीकडून उजवीकडे, मग दोन्ही तिरप्या दिशा. अशी आठ बाजूंनी बांधलेली स्प्रिंग फक्त वरखाली होते, आडवी होत नाही. दोऱ्या एकमेकींना ओलांडतात तिथेही एक गाठ.

उंची किती दाबायची? पाऊण भाग ठेवा. सहा इंची स्प्रिंग साडेचार इंचांवर, आठ इंची सहावर. एक तृतीयांशापेक्षा जास्त दाबली तर बैठक दगडासारखी होते आणि चुका उपटायला लागतात. नुसती टेकवून बांधली तर स्प्रिंगा डुलतात, एकमेकींना घासून किरकिरतात. कडेच्या स्प्रिंगा किंचित बाहेर, पट्टीकडे झुकलेल्या बांधा. माणूस बसल्यावर त्या सरळ होतात. दोरी तिच्या चुकेवर नीट बसली की चूक पूर्ण ठोका. आता हाताच्या पंजाने सगळीकडे दाबून बघा. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, हे याच वेळी दुरुस्त होतं.

यावर जाड गोणपाट. स्प्रिंगा आणखी दबतील इतकं ताणू नका. कडेला दुमडून ठोका आणि प्रत्येक स्प्रिंगच्या वरच्या वेढ्याला तीन टाके घाला, म्हणजे तार गोणपाट घासून भोक पाडत नाही.

गोणपाटावर सुतळीचे ढिले टाके घाला, तळहात आत जाईल इतके. या फाशांत काथ्या खोचायचा. जुना काथ्या फेकू नका. उन्हात दोन दिवस टाकून, झटकून, हाताने पिंजला तर बराचसा वापरता येतो. बुरशीचा वास येणारा तेवढा टाका. आधी कडेला, मग मधे. बसल्यावर मांडीखाली येते ती पुढची कड सर्वांत जास्त झिजते, म्हणून तिथे काथ्या ठासून भरलेली गोणपाटाची गोट करून पट्टीवर शिवा. गोट नसेल तर काही महिन्यांत पुढचा कपडा थेट लाकडावर घासून फाटतो. काथ्यावर पातळ गोणपाट, दोन्ही टोकं धारदार असलेल्या सुईने आरपार टाके, मग पिंजलेल्या कापसाचा इंचभर थर, त्यावर मांजरपाट. कापूस वगळला तर काथ्याचे धागे वर्षभरात कपड्यातून टोचायला लागतात.

काथ्याचं हे काम जमणारा माणूस मिळाला नाही तर मधला मार्ग आहे. स्प्रिंगा आणि गोणपाट वर सांगितल्याप्रमाणेच. त्यावर एक इंची रबराइज्ड कॉयर (रबराने बांधलेला काथ्या) आणि एक इंची ४० डेन्सिटीचा फोम. हे प्रामाणिक काम आहे. फोम घेताना डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे हे लक्षात ठेवा. तो आकडा म्हणजे एका घनमीटरचं किलोतलं वजन आहे. म्हणून तपासायला वजनकाटा पुरतो. २४ बाय २२ इंचांचा चार इंची तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण १.४ किलो भरतो, ३२ चा १.१ किलो. ८०० ग्रॅम भरला तर तो २३ चा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

कपडा

मोजमाप भरलेल्या बैठकीवरून टेप फिरवून घ्या आणि प्रत्येक बाजूला तीन इंच वाढवा. सोफ्याचा कपडा बहुधा ५४ इंची पन्ह्याचा असतो, म्हणजे तिघांच्या सोफ्याला जोड येणारच. तो बरोबर मधे घेऊ नका. मधला तुकडा पूर्ण ठेवून दोन जोड दोन बाजूंना घ्या. मखमल असेल तर सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला, वरून खाली. मोठं डिझाइन असेल तर प्रत्येक तुकड्यामागे डिझाइनच्या एका पूर्ण फेऱ्याइतका कपडा जास्त. पीयूचं नकली लेदर पावसाळ्याच्या दमट हवेने काही वर्षांत पापुद्रे धरतं, ते टाळा. जाड हातमागाचा सुती कपडा सागाला शोभतो, पण आधी धुऊन आटवून घ्या.

लावताना चुका आधी अर्ध्याच ठोका: पुढे मधे, मागे मधे, दोन्ही बाजूंना मधे, मग मधून कोपऱ्यांकडे. कोपरे शेवटी. हातांच्या खांबाभोवती इंग्रजी वाय अक्षरासारखी कात्री द्यावी लागते. ती लाकडाच्या एक सेंटिमीटर आधी थांबवा. कपडा वाया जातो तो बहुतेक इथेच. सागावर हाताच्या स्टेपलरची पिन पूर्ण बसत नाही. हवेवर चालणारी गन नसेल तर १३ मिलिमीटरच्या चुका बऱ्या. खालचं काळं कापड लावण्याआधी काम एकदा स्वतः बघा, आणि पैशांचा मोठा हप्ता त्या पायरीवर ठेवा.

वेताच्या पाठी

चौकटीच्या कडेला भोकांची रांग आहे की सलग खाच, ते बघा. खाच असेल तर तयार विणलेली जाळी भिजवून खाचेत लाकडी पाचरांनी दाबायची आणि वर फेविकॉल लावून वेताची काडी ठोकायची. एका दुपारचं काम.

भोकं असतील तर हाताने विणावी लागते. वेताची रुंदी भोकांच्या अंतरावर ठरते. मध्यापासून मध्यापर्यंत पाऊण इंच असेल तर ३ मिलिमीटर, पाच अष्टमांश असेल तर अडीच, अर्धा इंच असेल तर सव्वादोन. जास्त रुंद घेतला तर शेवटचे तिरपे वेत भोकांत जातच नाहीत. जुने तुकडे भोकांतून ड्रिलने काढा, लाकडावर जोर देऊन उपसू नका. वेत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. तासभर ठेवला तर रंग बिघडतो. चकचकीत बाजू नेहमी पुढे. पहिला फेरा उभा, दुसरा त्यावर आडवा, तिसरा पुन्हा उभा पण पहिल्याच्या किंचित उजवीकडे, चौथा आडवा आणि विणून: तिसऱ्यावरून, पहिल्याखालून. मग दोन तिरपे. पहिला तिरपा उभ्या जोडीवरून आणि आडव्या जोडीखालून, दुसरा याच्या बरोबर उलट. बरोबर चाललं असेल तर वेत सरसर सरकतो. प्रत्येक ठिकाणी अडकत असेल तर वरखाली उलटं झालं आहे; दोन भोकांतच थांबून उसवा. शेवटी कडेने रुंद वेत ठेवून बारीक वेताने भोकाभोकांतून बांधा.

जाळी तुटलेली नसून नुसती ढिली असेल तर काही विणू नका. मागच्या, खरबरीत बाजूने कोमट पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा आणि सावलीत सुकू द्या. वेत आकसून पुष्कळ घट्ट होतो. सुकायला चोवीस तास, तोवर कुणी टेकू नये. पुढची बाजू गुळगुळीत असल्यामुळे पाणी शोषत नाही, तिथे ओतून काही मिळत नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात, विशेषतः एसीच्या खोलीत, महिन्यातून एकदा मागून ओलं फडकं फिरवलं तर वेत कोरडा पडून तडकायचा वाचतो.